मालक नसलेली भट्टी

डोन्या एदुविजेसची तक्रार अशी, की कॅप्टन हॅलोरन घरात शिरताना टोपी काढत नाही. उत्तरेकडच्या बड्या देशाने त्याला होंडुरासच्या त्या डोंगरात पाठवलं होतं, शेजारच्या निकाराग्वातून येणारा साम्यवाद थोपवायला. तो थोपवताना माणूस टोपीसकट लोकांच्या चुलीपर्यंत का जातो, हे तिला कळत नव्हतं.

शनिवारी तिच्या नवऱ्याला जाऊन वर्ष होत होतं. प्रार्थनेनंतर गावाला कॉफी आणि रोस्किया द्यायच्या, नाहीतर तोंड दाखवायला जागा नाही. मका आणि चीज मळून केलेली ही बांगडीसारखी कडी सगळ्या बाया एकाच मातीच्या भट्टीत भाजत. कॅप्टनने विचारलं, भट्टीचा मालक कोण? शेजारीण तोमासा म्हणाली, "मालक कशाला लागतो? गरम झाली की झालं."

दुसऱ्या दिवशी सैनिकांनी भट्टी फोडली. कारण नोंदवलं : मालकीहीन उष्णता.

खाजगी मालमत्तेची गोडी लागावी म्हणून घरटी एक पत्र्याची भट्टी मिळाली. ती रॉकेलवर चाले आणि रॉकेल मिळे वाटीभर. वाटीभरात कडं सोडा, पत्रासुद्धा तापेना. बायांनी सगळं रॉकेल तोमासाच्या भट्टीत ओतलं. कॅप्टनने याला गुप्त संघटना ठरवलं आणि सगळ्या भट्ट्या छावणीत जमा केल्या.

आता भाजायचं तर छावणीत, शिपायाच्या देखरेखीखाली. पीठ एकत्र, रॉकेल एकत्र. भाजलेल्या रोस्किया कॅप्टनने स्वतः वाटल्या, जवान असो की विधवा, सगळ्यांना सारख्या. एदुविजेसच्या वाट्याला तीन आल्या. शनिवारी प्रार्थनेनंतर त्या तिने मोडून मोडून अख्ख्या गावाला पुरवल्या. शेवटच्या माणसाच्या हातावर तिने नुसता चुरा ठेवला.

कॉफी वाटणं चालू असताना कॅप्टन वासाने तिच्या दारात आला. गावात अजून कुणी कम्युनिस्ट दिसला का, असं त्याने अदबीने विचारलं.

एदुविजेसने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"दिसला की. एका छपराखाली दहाजणांत झोपतो, एका पातेल्यातलं खातो, सगळ्यांसारखेच कपडे घालतो. अंगावरचा सदरासुद्धा सरकारचा. दुसऱ्याचं उचलून सारखं वाटतो आणि वर उपकार सांगतो. आम्हाला बापजन्मात जमलं नाही ते तू आठवडाभरात करून दाखवलंस, बाबा. आता ती टोपी काढ. आणि कॉफी हवी असेल तर कप घरून घेऊन ये. इथे ज्याचं त्याचं असतं."