आपल्या माणसाचा लॅपटॉप

दुकानदार मराठी बोलला की वानखडेकाका दुकान सोडतात. थट्टा नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, विजय नगरच्या बाजारात पपईवाला म्हणाला, "या भाऊ, गोड आहे," तर काकांनी निवडलेली पपई परत ढिगात ठेवली आणि पुढच्या ठेल्यावर हिंदीत घासाघीस करून तशीच पपई दोन रुपये जास्त देऊन घेतली. कारण विचारलं तर एकच वाक्य, "सामान पाहायचं, सामानवाला नाही."

आणि घरी हाच माणूस माझ्या ऋचाने "काका, नमस्ते" म्हटलं तरी कपाळाला आठ्या घालतो. "घरात तरी मराठी बोलत जा ना वं पोरी."

काका आमच्या शेजारी राहतात, एकटेच. फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. चौतीस वर्षं दुसऱ्याच्या कामातली खोट काढायचा पगार घेतला आणि रिटायर झाल्यावर तेच काम फुकट सुरू केलं. आमच्या सोफ्याचा एक पाय दोन सूत कमी आहे, हे त्यांनीच सांगितलं. बारा वर्षं त्या सोफ्यावर सुखाने बसत होते मी. तेव्हापासून तो हलतो.

असा माणूस मी आपणहून गळ्यात बांधून घेतला, कारण गरज माझी होती. ऋचाची नोकरीची परीक्षा सोमवारी अकराला होती, घरूनच द्यायची. मोबाईल चालणार नव्हता, कॅमेऱ्याचा लॅपटॉपच पाहिजे. मी खाजगी शाळेत शिकवते, नवऱ्याची कंपनी पगार देते तेव्हा देते. अठरा हजार जमले होते, त्यासाठी माझ्या बोटातली अंगठी गेली. अठरा हजारांत जुनाच लॅपटॉप मिळतो. त्याला हल्ली रिफर्बिश्ड म्हणतात. आमच्यासारख्यांच्या वस्तूंची नावं तेवढी सुधारली.

शनिवारी सकाळी निघालो. काकांच्या झोळीत टॉर्च, भिंग आणि घडी केलेला कागद. पहिल्या दुकानात त्यांनी लॅपटॉप उघडलाच नाही, उलटा केला आणि स्क्रूंवर भिंग धरलं.

"भैया, ये खुल चुका है."

"सर्विसिंग हुई है, दादाजी."

"अच्छा. तो एक स्क्रू घर पे भूल आए क्या?"

खरंच एक स्क्रू नव्हता. दुसऱ्या दुकानात त्यांनी एकेक कळ दाबून कागदावर टिक मारली. सगळी अक्षरं उमटली, खोडायची कळ तेवढी चालेना. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "गलती हुई तो बिटिया मिटाएगी कैसे?" दुकानात ते माझ्याशीसुद्धा हिंदीतच बोलतात. दुकानदार कपाळावर हात मारून आत गेला, मलाही जावंसं वाटलं.

तिसऱ्या दुकानापर्यंत दोन वाजले आणि माझे पाय बोलायला लागले. तिथे एक बाई होती. तिने स्टूल दिलं आणि काकांना हवं ते करू दिलं. स्क्रू जागेवर, कळा सगळ्या चालू, कॅमेऱ्यात काकांचा चेहरा नको तितका स्पष्ट. मग चार्जर काढून ते घड्याळ घेऊन बसले. दोन तासांनी बॅटरी निम्मी शिल्लक होती. काकांनी घड्याळ खिशात टाकलं, म्हणजे पसंत. माझ्या तोंडून निघून गेलं, "चला बाई, मिळाला एकदाचा."

दुकानवाली खुलली. "अय्या, मराठी का तुम्ही? आम्ही अमरावतीचे. आपल्याच माणसाला काय जास्त सांगू काकू, पाचशे कमी द्या."

काकांनी चष्मा काढला, झोळी उचलली आणि बाहेर.

मी मागे धावले आणि भर रस्त्यात लाज सोडून बोलले. "काका, परवा परीक्षा आहे. सकाळपासून तुमचे नखरे पाहून राहिली मी. ती मराठी आहे हा काय डिफेक्ट झाला? तुमचं काय जाते? घरी तर माझी पोरगी बसंल."

काका बाजूच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसले. "मंगेशचा असाच घेतला होता," ते म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदा मराठी.

मंगेश म्हणजे त्यांचा मुलगा, नागपूरला असतो आणि येत नाही. कॉलनीत सगळे म्हणतात पोरगा नालायक निघाला. मीही म्हटलंय.

"विकणारा आपल्या मराठी मंडळातला होता. घरी आला, झुणका खाल्ला, गावाकडच्या गोष्टी केल्या. मी झाकण पण नाही उघडलं वं. आपल्या माणसाचं सामान काहून तपासायचं, म्हटलं. घरूनच लॅपटॉपवर इंटरव्ह्यू होता, मधातच लाईट गेली अन् पाच मिनिटांत बंद पडला. नोकरी गेली. तो एवढंच म्हणाला, बाबा, जनमभर सगळ्यांचं तपासलं, माझंच नाही तपासलं?"

मला फार वाईट वाटलं. राग गेला होता असंही नाही. मी म्हटलं, "हा तर तपासला ना तुम्ही?"

"तपासला."

"मग सामान पाहा. सामानवाली नका पाहू."

ते झोळी सावरून उठले. लॅपटॉप घेतला. पाचशेची सूट मात्र घेऊ दिली नाही, तिला हिंदीत ठणकावून पूर्ण पैसे द्यायला लावले. ते पाचशे माझे होते, हे मी अजून विसरलेली नाही.

सोमवारी साडेदहापासून काका आमच्या दारातल्या पायरीवर बसले. आत या म्हटलं, आले नाहीत. चहा दिला, तो तसाच राहिला. साडेबाराला लाईट गेली. नेट मोबाईलचं होतं, आता सगळा भार बॅटरीवर. मी दारातून पाहिलं, तर काका पायरीची कड धरून, डोळे मिटून बसले होते.

दीड वाजता ऋचा बाहेर आली. "काका, लाईट चली गई थी, पर चलता रहा."

ती हिंदीत बोलली आणि त्यांनी टोकलं नाही. खिशातून एक चिठ्ठी काढली, तिच्यावर नंबर होता. "तुझ्या फोनवरून लाव. माझा नंबर तो उचलत नाही."

"काय सांगू?"

"सांग, लाईट गेली तरी बंद नाही पडला. अन् सांग, बाबांनी तपासून घेतला होता."

ऋचाने लावला. आम्ही तिघं उभ्या उभ्या रिंग ऐकत राहिलो. शेवटपर्यंत वाजली आणि थांबली.

"कामात असन तो," काका म्हणाले. "संध्याकाळी परत लावून पाह्यजो."

चिठ्ठी त्यांनी परत घेतली नाही.