सात नंबर हजर

साहेब, तुम्ही वरच्या मजल्यावर बसून एक कागद काढलात आणि खाली एका चांगल्या चालत्या अग्निशमन केंद्रात भूत घातलंत. सही तुमची आहे, म्हणजे भूतही तुमचंच. आता ऐकून घ्या.

कागदात लिहिलं होतं की बंबावर जाणाऱ्या प्रत्येकानं तीन महिन्यांत तीनशे किलोमीटर पुरे करायचे. काही यंत्रावर बसून वल्हवायचे, काही रस्त्यावर धावायचे. कोणी किती वल्हवावं नि किती धावावं ते ज्याचं त्यानं बघावं. मुख्यालयाला दोन्ही मिळून एकच आकडा हवा. कमी पडेल तो बंबावरून खाली, कोठारात. कोठार म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नसणार. फाटक्या नळ्यांना ठिगळं लावायची, फुटक्या हेल्मेटांची मोजदाद करायची, आणि घंटा झाली की दारात उभं राहून दुसऱ्यांना जाताना बघायचं.

सतरा नंबर सव्वीस वर्षं बंब चालवत होता. कोठारात गेला असता तर आठ दिवसांत वाळला असता, हे त्याची बायको सांगायची आणि तो नाकारत नव्हता.

या केंद्रात कोणी कोणाला नावानं हाक मारत नाही. धुरात नाव ऐकू येत नाही, नंबर येतो. जुन्यांपैकी दोघेच उरले होते, सात आणि सतरा. बाकीचे बाविसापासून तिसापर्यंतचे नऊ जण, सगळे कालचे. सात हा जोडीचा चालक. एकोणीस वर्षं सतराच्या डाव्या हाताला बसला. जाडजूड, तोंडाळ, आणि पळायचा भारी कंटाळा. "मेलो तरी धावणार नाही," असं तो दर परेडला म्हणायचा. मेला मात्र खुर्चीत, बूट घालता घालता. एक पायात राहिला, एक हातात.

आता केंद्राची एक रीत आहे, कोणत्या नियमात नसलेली. गेलेल्याचा नंबर वर्षभर हजेरीत ठेवतात. सकाळी आठला केंद्रप्रमुख "सात" म्हणतात आणि सगळी रांग एका आवाजात "हजर" म्हणते. प्रमुख वहीत खूण करतात, वही मुख्यालयाला जाते. तिथं ती वाचतं कोण, हा प्रश्न तोवर कोणाला पडला नव्हता.

वल्हवायचं यंत्र आलं. दुसरीकडे जागा नव्हती, म्हणून ते मनोऱ्यात ठेवलं. मनोरा म्हणजे चार मजली पोकळ नळकांडं. आगीवरून आलेल्या ओल्या नळ्या तिथं वरून टांगून वाळवतात. खाली बसून मान वर केली की भर दिवसाही वीसेक लांब पांढरी धुडं अंधारात हळूहळू गोल फिरताना दिसतात. त्यांतून पाणी गळतं. त्यातला एक थेंब नेमका यंत्राच्या तोंडावर पडायचा, आकड्यांच्या बटणांच्या डाव्या कोपऱ्यावर. टप. मग पुन्हा टप.

सगळे त्या यंत्राला होडी म्हणू लागले. होडीवर बसायचं, आपला नंबर दाबायचा आणि साखळी ओढायची. ओढली की पंखा फिरतो आणि दमेकऱ्यानं श्वास सोडावा तसा आवाज येतो. धावायला वेगळी सोय होती, मनगटावरचा पट्टा. होडीसारखाच तोही मीटर मोजून आपला आपणच मुख्यालयाला कळवायचा. हजेरी बघून मुख्यालयानं सातसाठीही एक पट्टा पाठवला होता. प्रमुखांनी तो पुडकं न फोडता कपाटात ठेवला.

सतरानं आपलं वेळापत्रक बसवलं. रोज चार किलोमीटर वल्हवायचे, लगेच उठून तीन धावायचे. त्यापुढे गुडघे जबाब देत. पहिल्या किलोमीटरला पाय लाकडाचे वाटायचे, पण गडी दात खाऊन रेटायचा.

पहिल्या सोमवारी मुख्यालयाची यादी आली आणि फळ्यावर लागली. सतरा नंबर, अठरा किलोमीटर, सगळ्यांत खाली. सगळ्यांत वर होता सात नंबर. चोवीस किलोमीटर.



"कोणीतरी गंमत करतंय," सव्वीस म्हणाला.

"चोवीस किलोमीटरची गंमत?" प्रमुख म्हणाले. "इतकी मेहनत तुम्ही स्वतःसाठी करत नाही, मेलेल्यासाठी कराल होय?"

त्यांनी कपाट उघडलं. सातचा पट्टा पुडक्यातच होता, वर धूळ.

"म्हणजे धावत नाहीये," सव्वीस म्हणाला.

"नुसता वल्हवतोय," प्रमुख म्हणाले.

सगळ्यांत लहान तीस नंबर. तो भिंतीला टेकून हळूच बोलला, "मग तेच आहेत. मेलो तरी धावणार नाही म्हणायचे ना. शब्द पाळतायत."

त्या दिवसापासून जळत्या घरात छाती काढून शिरणारे नऊ गडी मनोऱ्याच्या दाराकडे पाठ करून धावू लागले. सकाळी धाव, जेवून धाव, चहा हातात धरून धाव. नळ्या टांगायला सुद्धा तिघेतिघे जात आणि मोठमोठ्यानं बोलत. होडी उरली एकट्या सतराला. घाबरला तोही होता. पण त्याच्या गुडघ्यांत तीनच किलोमीटर होते आणि कोठाराची भीती भुतापेक्षा मोठी होती.

एकटा वल्हवू लागल्यावर त्याला ते ऐकू आलं. तो साखळी ओढायचा, पंखा श्वास टाकायचा, आणि अर्ध्या क्षणानं वर नळ्यांमधून दुसरा श्वास यायचा. हा जोरात ओढी, तो जोरात. हा थांबला की तो एक श्वास जास्त घेऊन थांबायचा. मनोऱ्याचा प्रतिध्वनी, दुसरं काय. सतराला ते कळत होतं. तरी तो म्हणाला, "सावकाश घे की जरा. मला नंतर धावायचंय, तुला नाही."

पहिल्या दिवशी त्याच्या अंगावर काटा आला. पंधराव्या दिवशी तो आवाज आला नसता तर काटा आला असता.

प्रमुखांनी मनोऱ्याला कुलूप लावलं आणि एकुलती एक किल्ली सतराच्या गळ्यात घातली. पुढच्या सोमवारी सातचे आणखी चोवीस वाढले. मग सतरा इरेला पेटला. मेलेल्या मित्राकडून हरायचं म्हणजे काय? एक अख्खा आठवडा त्यानं चाराऐवजी सहा वल्हवले. सोमवारी जीव मुठीत धरून यादी बघितली. स्वतःचे तेच अठरा. सातचे छत्तीस.

"तू जितकं मारतोस तितका तो पुढे जातो," प्रमुख म्हणाले. "ऐक माझं, नाद सोड."

"नाद सोडून कोठारात जाऊ?"

"माझं का एवढंच भरतं, ते तरी विचारू या वर," असं सतरानं म्हणायला हवं होतं. पण त्याला वाटलं, वय झालं. पन्नाशीनंतर माणसाचे मीटरही आखूड होत असतील.

सातची बायको आवारापलीकडेच राहायची. गोष्ट तिच्या कानावर गेली तशी ती दर सोमवारी यायची, चष्मा लावायची आणि यादी वाचायची.

"मेल्या म्हशीला मणभर दूध," ती पहिल्यांदा म्हणाली. "जिवंत होते तेव्हा पाण्याचा पेला हातानं उचलून घेतला नाही."

"असं नका म्हणू वहिनी. मन लावून वल्हवतोय तो."

"वल्हवू देत की. पण इतकं वल्हवून जातात कुठे, ते विचारा एकदा. घराकडे तर आले नाहीत."

 सतराही उठून धावायला गेला.

तीन महिने भरले आणि तुमचा दुसरा कागद आला, साहेब. सतरा नंबर, एकूण दोनशे चौतीस किलोमीटर, अपात्र, कोठारात बदली. सात नंबर, एकूण तीनशे चोवीस, पात्र. रिकाम्या झालेल्या चालकाच्या जागेवर सोमवारपासून त्यांनी रुजू व्हावे. खाली तुमची सही. शेपूट असलेली.

सतरानं कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि बंबाची किल्ली प्रमुखांच्या टेबलावर ठेवली. ठेवताना आवाज होऊ दिला नाही.

वहिनी मात्र गप्प बसणारी नव्हती. "भावोजी, एक सांगा. गेले दोन महिने त्या होडीवर बसतं कोण?"

"मीच. बाकी कोणी फिरकत नाही."

"किल्ली कोणाकडे?"

"माझ्याकडे."

"मग तुम्ही वल्हवलेलं गेलं कुठे?"



तिनं सतराला हाताला धरून मनोऱ्यात नेलं. वर नळ्या फिरत होत्या. टप. "दाबा तुमचा नंबर," ती म्हणाली आणि चष्मा लावून वाकली. सतरानं नेहमीसारखा एक दाबला, मग सात दाबला. घामानं डोळ्यांवर राहत नाही म्हणून चष्मा तो बाहेर ठेवायचा. पडद्यावरचा बारीक आकडा त्यानं कधी वाचलाच नव्हता.

"सात आलंय," वहिनी म्हणाली. "नुसतं सात."

एकाचं बटण मेलं होतं. थेंब पडून पडून कधीच मेलं होतं. बाविसापासून तिसापर्यंत कोणाच्या नंबरात एक नाही, म्हणून कोणाला कळलं नाही. सतराचं सगळं धावणं सतराकडे गेलं आणि सगळं वल्हवणं सातकडे.

वहिनी होडीच्या कडेवर बसली. बराच वेळ वर बघत होती. "म्हणजे ते नव्हतेच तर," म्हणाली. सतराला वाटलं, बटण सापडलं नसतं तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी प्रमुखांनी अर्ज केला. बटण मेलंय, माणूसही मेलाय, मीटर सतराचे सतराला द्यावेत. सोबत मृत्यूचा दाखला. चार दिवसांत तुमचं उत्तर आलं, आणि ते जसंच्या तसं इथं देतो, नाहीतर कोणाचा विश्वास बसणार नाही. "यंत्राची नोंद अंतिम आहे. दाखला व हजेरी यांत विसंगती आढळते. दाखला एकदाचा आहे, हजेरी रोजची आहे. सबब हजेरी ग्राह्य. सात नंबर यांच्या नावावरील मीटर अन्य व्यक्तीस द्यावयाचे असल्यास त्यांचे सहीचे संमतिपत्र जोडावे."

चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं. इथं चोरच नव्हता.

सोमवार आला. सतरा कोठारात हेल्मेटं मोजत बसला. पावणेदहाला घंटा झाली. गाद्यांच्या कारखान्याला आग, वरच्या मजल्यावर माणसं. नऊ जण चढले, प्रमुख चढले, आणि बंब जागच्या जागी. चाकामागे कोणी नाही, नव्यांपैकी कोणाला बंब चालवता येत नाही. सतरा कोठाराच्या दारात उभा, हातात फुटकं हेल्मेट.

प्रमुखांनी खिशातून तुमचा कागद काढला, वाचला आणि हजेरीच्या आवाजात म्हणाले, "सात."

"हजर," नऊ तोंडांतून सवयीनं निघालं.

प्रमुखांनी कोठाराकडे बघितलं. "हजर आहेस तर चालव की."

सतरानं हेल्मेट टाकलं. वरच्या मजल्यावरची अकरा माणसं खाली आली, सगळी जिवंत. परतताना सतराचं डावीकडे लक्ष गेलं. सातच्या रिकाम्या आसनाचा पट्टा लावलेला होता. कोणी लावला, कोणी विचारलं नाही. सतरानं वळणं जरा हळू घेतली.

वहीत प्रमुखांनी लिहिलं: चालक, सात नंबर. तेव्हापासून तेच लिहितात. होडीचं बटण दुरुस्त झालं, पण सतरा आता मुद्दाम एकटा सात दाबतो, कारण चालकाचे मीटर भरले पाहिजेत. धावायला जाताना पुडक्यातून काढलेला सातचाच पट्टा मनगटावर बांधतो. त्यावर तुमचं कौतुकाचं पत्र आलं की सात नंबर यांनी धावण्यासही सुरुवात केल्याचे पाहून समाधान वाटले. वहिनीनं ते वाचलं आणि पहिल्यांदा पोट धरून हसली. "मेल्यावर सुधारले," म्हणाली.

पण येत्या वीस तारखेला वर्ष भरतं, साहेब. रीतीप्रमाणे त्या सकाळी प्रमुख सातचा नंबर घेणार नाहीत. रांग हजर म्हणणार नाही. त्यानंतर घंटा झाली तर तुमच्या कागदानुसार चालक मेलेला असेल आणि जिवंत माणूस कोठारात हेल्मेटं मोजत असेल. रीत मोडून एका मेल्याला आणखी किती वर्षं कामावर ठेवायचं? आणि रीत पाळायची तर आगीत वरच्या मजल्यावर अडकलेल्या माणसांना काय सांगायचं?

वहिनी सकाळपासून तुमच्या दाराबाहेरच्या बाकावर बसली आहे. चष्मा बरोबर आणलाय. तारीख घालून, सही करून तिच्या हातात द्या: मेला कोण, सात की सतरा?