आप्पारावाचा पुराचा बंदोबस्त

‘या साली नदीला म्हणावं, ये! तुज्या बापालाबी माजं बियानं गावायचं न्हाई!’

श्रावणाच्या तोंडाला आप्पारावानं चावडीवर बसून हे जाहीर केलं, आणि ऐकणारे मिशीत हसले. हसतील नाहीतर काय! मांजरेच्या काठावर सगळ्यात खाली घर कुणाचं? आप्पारावाचं! मागच्या पुरात कणगीसकट बियाण्याची ज्वारी कुणाची वाहून गेली? त्याचीच! ऐन पेरणीत बिचारा दारोदार पायली-पायली बी मागत हिंडला. लोकांनी दिलं, पण किडकं दिलं. त्या रब्बीला त्याच्या रानात ज्वारी कमी आणि ढेकळं जास्त दिसत होती.

तेव्हापासून त्याचा सगळा जीव बियाण्यात. यंदाची दगडी ज्वारी त्यानं कणीस न् कणीस निवडून, राखेत घोळून कणगीत भरली होती. त्याची म्हातारी आई राजूबाई, तिलासुद्धा त्या कणगीला हात लावायची मुभा नव्हती. ‘आपल्या आईवर इश्वास न्हाई, अन् ज्वारीवर पहारा!’ म्हातारी करवादायची. आप्पाराव ऐकून घ्यायचा, पण कणगीपाशीच झोपायचा.

त्यातच तालुक्याहून एक साहेब येऊन सांगून गेला, की पुराआधी घरोघर बंदोबस्त ठेवा. निजाम जाऊन नवं राज्य आलेलं; रोज कुणी ना कुणी येऊन काहीतरी सांगून जायचं. गावानं या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं. आप्पारावानं मात्र मनावर घेतलं. नदीच्या वरच्या अंगाला त्याच्या जिवलग दोस्ताचं, शिवशंकरप्पाचं रान होतं. पाणी चढलं की आधी तिथं कळायचं.

‘गड्या, पानी दिसलं की पळत यायचं,’ आप्पारावानं त्याला बजावलं, ‘आन दारातनं वरडायचं, पानी आलं, वर जावा! मंग आई शेजाऱ्यास्नी हाक मारंल. एकेकानं एकेक गठुडं उचलायचं, आन बी वर मारुतीच्या देवळात!’

‘हे काय सांगायला पायजे व्हय!’ शिवशंकरप्पा म्हणाला.

दोनदा तालीमही झाली. गठुडी बांधायला तेवढा दोर कमी पडत होता. बायको पंचमीला माहेरी गेलेली, घरात म्हातारी एकटी. तरी आप्पाराव उथळ उतारानं नदी ओलांडून बिदरला दोर आणायला गेला. आता याला नशीब म्हणायचं नाहीतर काय? तो दोर घेऊन परत येतो तो मांजरा दोन्ही थड्या भरून चाललेली! तांबडं, घोंगावणारं पाणी! अलीकडं आप्पाराव, पलीकडं बियाणं!

‘बुडालो!’ म्हणून त्यानं दोर खाली आपटला.

पण थोड्या वेळानं पलीकडं बघतो तर काय! त्याच्या दारात ही गर्दी! बाया आल्या, बापे आले. आणि मग एकेक जण डोक्यावर गठुडं घेऊन घरातून निघाला, निघाला तो वर गावाकडं!

‘बघा! बघा!’ आप्पाराव शेजारच्या अनोळखी माणसाला गदागदा हलवत नाचायला लागला. ‘माजं बी चाललंय! ह्याला म्हंतेत बंदोबस्त!’

पाणी त्याच्या अंगणापर्यंत चढलं, उंबऱ्याशी थबकलं आणि ओसरायला लागलं. घरात थेंबसुद्धा शिरला नाही. आप्पारावानं दोन दिवस काठावर उपाशी काढले, पण तोंडावरचं हसू हललं नाही. तिसऱ्या दिवशी कुणीतरी गूळ शिजवायची भली मोठी काहील पाण्यात घातली, तिच्यात बसून तो पलीकडं आला.

काठावर शिवशंकरप्पा गुडघ्यात मान घालून बसला होता. त्यानं वर बघितलं आणि ‘शिव शिव शिव!’ करत चार पावलं मागं सरकला.

‘अण्णा, तू तर मेलास की!’

‘कोन म्हनलं?’

‘सारं गाव म्हनायलंय! तुजी आई रडायली, तवा मीबी रडलो!’

आप्पाराव तसाच घराकडं धावला, मागून शिवशंकरप्पा. राजूबाईनं लेकाला बघून आधी किंकाळी फोडली, मग त्याचे पाय उलटे आहेत का ते बघितलं, मग गळ्यात पडून मनसोक्त रडली. आप्पारावालाही भडभडून आलं.

‘आये, मी मेलो म्हनून सांगितलं कोनी?’

‘दारात येऊन कोनतरी बोंबललं की रं! आप्पाराव! आप्पाराव! मेले! मेले! तू नदीकडं गेल्यालास. म्या हंबरडाच फोडला!’

शिवशंकरप्पाचं तोंड उतरलं. घाबरलेला माणूस मायबोलीतच ओरडतो, आणि त्याची मायबोली कानडी. राजूबाई उदगीरकडची, लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिनं कानडीला कानाच्या आत येऊ दिलं नव्हतं.

‘अव्वा, ते मीच होतो!’ तो रडकुंडीला येऊन म्हणाला. ‘मी मेले होगरी म्हनलो! कानडीत मेले म्हंजे वर! वर जावा!’

‘मंग? वर गेला म्हनूनच तर रडले!’

आप्पारावाचं तिकडं लक्षच नव्हतं. तो कणगीत वाकून बघत होता. कणगीचा तळ दिसत होता.

‘आये, बी कुटाय? देवळात ना?’

‘वाटलं की!’ राजूबाईनं पदरानं डोळे पुसले. ‘तुजा जीव त्या ज्वारीत आडकल्याला. आत्म्याला गती कशी मिळायची? पायली-पायली दान केलं सगळ्यास्नी. लई दुवा दिला लोकांनी तुला!’

‘अगं, मंग माघारी आन!’

‘मेल्याच्या नावानं दिल्यालं माघारी आनून पेरतोस व्हय? रानात काय उगवंल ते?’

आप्पारावानं भिंतीला पाठ टेकली. जी ज्वारी मांजरेला गावली नाही, ती त्याच्याच आईनं त्याच्याच नावानं वाटून टाकली!

‘सगळी न्हाई वाटली बाबा,’ म्हातारी समजुतीनं म्हणाली. ‘तेवढी येडी न्हाई मी. एक टोपलं ठिवलंय की मागं!’

आप्पाराव झेपावला. जात्यामागं खरंच एक टोपलं होतं, काठोकाठ! तीच टपोरी, राखेत घोळलेली ज्वारी! त्यानं ते पोटाशी धरलं. रानाचा एक तुकडा तरी पेरून निघेल, त्याचं बी पुढच्या साली होईल. देवा, एवढं तरी राहिलं!

तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली. निरोप मिळाल्याबरोबर निघालेले उदगीरचे पाव्हणे होते, गाडी गच्च भरून. त्यांनी गाडीतूनच गळा काढला.

राजूबाई कंबर सावरत उठली. ‘आन ते टोपलं हिकडं. दळायला बसते. भाकरी टाकाव्या लागत्याल.’

‘आये, म्या जित्ता हाय की आता!’

‘तू जित्ता हायस म्हनून लोकांनी उपाशी जायचं का?’

बाहेर पाव्हणे आप्पारावाच्या नावानं छाती पिटत होते. त्यानं टोपलं उचललं, जात्यापाशी नेऊन ठेवलं आणि पाव्हण्यांना पाय धुवायला पाणी द्यायला गेला.