टिटवीचा पहिला अल्बम

बसा बाळांनो, ऐका. एका जंगलात, नदीकाठी, एक टिटवी राहत होती. इतकी झाडं असताना ती अंडी घालायची उघड्या दगडगोट्यांत. अंडी खायला घोरपड आली, की टिटवी ओरडायची. ओरड ऐकून शेजारचा गवा उठायचा आणि पाय आपटत यायचा. घोरपड निघून जायची. अशी त्यांची रीत होती. ती पुष्कळ वर्षं चालली.

तिथेच एका बेडकाचा आणि रातकिड्याचा बँड होता. बेडूक ताल धरायचा, रातकिडा सूर लावायचा. त्यांना इतरांसारखं गायचं नव्हतं. कोकिळेसारखं तर मुळीच नाही. मग कसं गायचं, ते मात्र ठरत नव्हतं.

एकदा त्यांनी टिटवीची ओरड ऐकली.

"टिटवीताई, हे काय होतं?" बेडकाने विचारलं.

"घोरपड आली होती रे."

"ते राहू दे. पुन्हा म्हण."

"पण ती गेली आता."

"मग आल्यासारखं म्हण."

टिटवी भिडस्त होती. तिने म्हटलं.

अल्बम तयार झाला. त्या काळी अल्बम पोपटांकडून पाठ करून घेत आणि पोपट झाडोझाडी पाठवत. जंगलभर टिटवीची ओरड घुमू लागली. "किती वेगळं आहे," माकडं म्हणाली. अस्वल मधाचं पोळं बाजूला ठेवून रडलं.

गवा सुरुवातीला दर वेळी उठून धावला. घोरपड कुठेच नसायची, पोपट असायचा. मग तो बसूनच ऐकू लागला. पुढे त्याला ते आवडू लागलं.

एका दुपारी घोरपड खरंच आली. टिटवी जीव तोडून ओरडली.

गव्याने डोळे मिटले. बेडकाने ताल धरला. रातकिड्याने सूर लावला.

"गवादादा, ऊठ रे," टिटवी म्हणाली. "माझी अंडी."

"या वेळी शब्दही घातलेत," गवा रातकिड्याला म्हणाला. "बरं केलंत."

घोरपड सावकाश जेवली. जाताना टिटवीपाशी थांबली. म्हणाली, "मला तर पहिल्यापासून आवडतं हो तुमचं."

त्यानंतर टिटवी गप्प झाली. रिकाम्या दगडगोट्यांवर नुसती बसून राहिली. सगळं जंगल तिच्यासमोर येऊन बसलं आणि मन लावून ऐकत राहिलं. हा दुसरा अल्बम पहिल्याहून खोल आहे, असं माकडं अजून सांगतात.

तात्पर्य: बाळांनो, मदत हवी असेल तेव्हा बेसूर ओरडावं. सुरात ओरडलं, तर लोक टाळ्या वाजवतात आणि बसून राहतात.