मुठीचे आठ कंगोरे

बॅडमिंटनचे सलग तीन सामने हरल्यावर टिल्लीने घरात जाहीर करून टाकलं की दोष तिचा नाही, रॅकेटच्या मुठीचा आहे.

"मूठ जाड आहे. हातात मावतच नाही."

"परवापर्यंत बूट चावत होते," आई म्हणाली.

"त्याच्या आधी डोळ्यांवर उजेड येत होता," आजोबांनी पेपरामागून भर घातली.

टिल्ली मला रोज आरशात भेटते; इतकं जवळचं नातं असल्यावर तिची बाजू घेणं मला भागच आहे. तक्रार अगदीच खोटी नव्हती. रॅकेट मामाने दिलेली, मामाच्या मापाची, आणि मामाचा पंजा सुपाएवढा. टिल्ली शाळेच्या रांगेत कायम पहिली. बोटंही त्याच हिशेबाने मिळालेली. पण हे रडगाणं तिने खेळाच्या सरांसमोर इतक्यांदा गायलं होतं की शेवटी ते म्हणाले, "शनिवारी निवडीचा सामना आहे. मूठ बारीक करून ये, मग बघू काय सांगतेस ते." म्हणजे आता हरली तर संघ गेलाच, वर सबबही गेली.

शुक्रवारी शाळेतून आल्या आल्या तिने मुठीवरची पट्टी उलगडली. तिच्याखाली दुसरी निघाली, दुसरीखाली तिसरी. जुनी न काढता नवी गुंडाळायची, ही मामाची पद्धत. तिन्ही निघाल्यावर आत लाकूड दिसलं आणि मूठ चांगलीच बारीक झाली. शहाण्या मुलीने इथे थांबून वर एक पातळ पट्टी गुंडाळली असती. ही गोष्ट शहाण्या मुलीची नाही.

कारण लाकडाला कंगोरे होते. मोजून आठ. टिल्लीला वाटलं, बनवणाऱ्याने घाईत काम अर्धवट सोडलंय. आजोबांचा जन्म सुतारकामात गेलेला. त्यांच्या पेटीतून तिने कानस आणि पॉलिश पेपर पळवला आणि गॅलरीत घासत सुटली. एक बाजू जरा जास्त घासली गेली, म्हणून दुसरी तेवढीच घासली; मग दुसरी जास्त झाली, म्हणून पुन्हा पहिली. तासाभराने वाळत घातलेल्या चादरीवर भुशाचा थर बसला होता आणि मूठ काकडीसारखी गोल, गुळगुळीत झाली होती. नवी पट्टी गुंडाळून तिने ती ऐटीत आजोबांच्या हातात दिली.

आजोबांनी डोळे मिटून मूठ दोनदा फिरवली. "टिल्ले, मी ही आडवी धरलीय का उभी?"

"डोळे उघडून बघा की."

"खेळताना तू मुठीकडे बघणार का शटलकडे? अगं, रॅकेटचं तोंड कुठे आहे ते बोटांना कंगोरे सांगतात. तू लाटणं करून ठेवलंस."

टिल्लीने पट्टीवरून कंगोरे चाचपून पाहिले. "मग आता हो?"

"आता काय? घासलेलं लाकूड परत चिकटत नाही. चाळीस वर्षांत एवढंच शिकलो."

"सरांकडे दुसरी माग," आई चादर झटकत म्हणाली.

"आणि सांगू काय? आता फारच बारीक झाली म्हणून?"

शनिवारी समोर ती डावरी मुलगी होती, तिन्ही वेळा टिल्लीला हरवणारी. टिल्लीने पहिलाच नेम धरला मागच्या कोपऱ्यावर. रॅकेट हातात गर्रकन फिरली आणि शटल जाळीला घासून पलीकडे टपकलं. डावरी तोवर मागे पोचली होती. मग टिल्ली हळूच जाळीपाशी टाकायला गेली, ते डावरीच्या डोक्यावरून थेट मागच्या रेषेवर. काही शटल भिंतीवर गेली, एक सरांच्या चहात पडलं. पण बाकीची जिथे डावरी नव्हती तिथेच जात राहिली. डावरी बिचारी टिल्लीची नजर वाचायची, खांदा वाचायची. ते दोन्ही खरं बोलत होते. खोटं फक्त रॅकेट बोलत होती.

एकवीस-एकोणीस.

"कुठे शिकलीस गं हे?" डावरी धापा टाकत म्हणाली. "शटल कुठे जाणार, कळतच नाही."

"मलाही नाही कळत," टिल्ली म्हणाली. आयुष्यात प्रथमच ती इतकं खरं बोलली होती, आणि सगळ्यांना तो विनय वाटला.

सरांनी शिटी पुसून खिशात ठेवली. "मूठ खरंच जाड होती म्हणायची. मनगट काय सुटलंय. तू संघात. सोमवारी हा फटका सगळ्यांना शिकवायचा, सावकाश, करून दाखवत."

घरी टेबलावर कोरी रॅकेट वाट बघत होती.

"काल तोंड पाडून बसलीस ते बघवेना," आई म्हणाली. "सकाळीच दुकानात गेले, तुझा हातमोजा घेऊन मापाला. सगळ्यात बारीक मूठ आहे. आणि कंगोरे आठ, मी मोजून घेतलेत."

टिल्लीने रॅकेट उचलली. हातात अगदी चपखल बसली. डोळे मिटले तरी रॅकेटचं तोंड कुठे आहे ते बोटांना कळत होतं. तिने हवेत एक फटका मारून पाहिला. मूठ तसूभर हलली नाही. आता नेम धरला की शटल तिथेच जाणार. सोमवारी, सगळ्यांच्या देखत.

"आवडली नाही का गं?"

"आवडली ना," टिल्ली म्हणाली. "आजोबा, तुमची कानस कुठे ठेवलीत?"

आजोबा उठले आणि पेटीवर जाऊन बसले.