बॅटन मिळाल्याची पोच

धावक मंडळाच्या घटनेत कलम एक अध्यक्षांच्या खुर्चीविषयी आहे आणि कलम दोन धावण्याविषयी. मंडळाचे सभासद एकूण बेचाळीस. त्यांपैकी एकतीस पदाधिकारी, पाच सल्लागार आणि उरलेले सहा धावक. रिलेच्या संघाला सहाच माणसे लागत असल्याने हे प्रमाण अगदी शास्त्रशुद्ध आहे, असे सचिव दरवर्षी वार्षिक सभेत सांगत आणि सभा टाळ्या वाजवी.

घड्याळजी त्या सहांत नव्हता. अकरा वर्षांपूर्वी तो मंडळात आला होता तो धावायलाच. पण अर्जात व्यवसायाच्या रकान्यात 'घड्याळदुरुस्ती' हे शब्द वाचताच सचिवांचा चेहरा उजळला आणि त्याच्या हातात स्टॉपवॉच पडले. तेव्हापासून तो इतरांची वेळ नोंदवत होता. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मात्र तो एकटाच टेकडीला फेरी मारून येई आणि स्वतःचीही वेळ घेई. ती संघातल्या चौघांपेक्षा चांगली होती. ही गोष्ट त्याने फक्त बायकोला सांगितली होती आणि बायकोने सगळ्यांना.

यंदा त्याचे वय एक्कावन्न झाले. गुडघा तपासून डॉक्टर म्हणाले, "हा एक हंगाम पळून घ्या. पुढचं पुढं बघू." डॉक्टर 'पुढचं पुढं बघू' म्हणतात तेव्हा त्यांनी पुढचे पाहिलेले असते, हे न कळण्याइतका घड्याळजी भोळा नव्हता. मंडळाचा हिरवा बनियन घालून एकदा, फक्त एकदा धावायचे, एवढीच त्याची इच्छा होती.

"अहो, मग तोंड उघडून विचारा ना," बायको म्हणाली. "गावभरची घड्याळं चालू करता, स्वतःचं कधी चालू करणार?"

त्याने विचारले. सचिवांनी अर्ज ठेवून घेतला. ते चौतीस वर्षे एका कचेरीच्या दप्तरखान्यात होते आणि ठेवून घेणे ही त्यांची खासियत होती.

पण दैव घड्याळजीच्या बाजूने होते. हंगामातल्या पहिल्याच क्रॉस कंट्री शर्यतीत दोन धावक ओढ्यापाशी डावीकडे वळायचे ते उजवीकडे वळले आणि कुणाच्या तरी परसात, वाळत घातलेल्या चादरींमधून बाहेर पडले. चौकशी समिती बसली. बसण्यात समितीचा हात धरणारे कुणी नव्हते. देखरेखीशिवाय धावल्यामुळे हा प्रकार घडला, असा निष्कर्ष निघाला. वाट चुकण्याचा प्रत्यक्ष अनुभव असल्याने त्या दोघांनाच मार्गदर्शन विभागाचे प्रमुख आणि उपप्रमुख नेमण्यात आले. संघात दोन जागा रिकाम्या झाल्या. एक घड्याळजीला मिळाली, दुसरी बेकरीवाल्या ताईंना. त्या पीठ मळून मळून अशा दणकट झाल्या होत्या की सल्लागारांपैकी कुणीही त्यांना सल्ला देत नसे.

पुढच्या महिन्यात रस्त्यावरच्या रिलेची पहिली फेरी झाली आणि तिसऱ्या टप्प्यावर बॅटन खाली पडली; सहाव्या टप्प्यावरच्या घड्याळजीपर्यंत ती पोचलीच नाही. देणारा म्हणाला, मी दिली. घेणारा म्हणाला, मला मिळाली नाही.

"हे प्रकरण मी ओळखतो," सचिव समाधानाने म्हणाले. "पोच कुठाय?"

"कसली पोच?" घड्याळजीने विचारले.

"बॅटन मिळाल्याची. पोच नाही म्हणजे बॅटन नाही."

पोचपुस्तक छापून आले. पांढरी प्रत देणाऱ्याला, पिवळी घेणाऱ्याला, गुलाबी दप्तराला. प्रत्येक टप्प्यावर टेबल, खुर्ची, एक साक्षीदार आणि दोरीने बांधलेले पेन. धाप लागलेल्या माणसाची सही नमुन्याशी जुळेना, तेव्हा 'शांत व्हा, मग सही करा' अशी पाटी लागली. मंगळवारचा धावण्याचा सराव बंद होऊन सहीचा सराव सुरू झाला. त्यात ताईंचा पहिला नंबर येई, कारण त्या सहीच्या जागी नुसती एक रेघ ओढत. कुठल्याही धापेत ती जुळे.

बाकीच्या मंडळांनी आधी पोट धरून हसून घेतले. मग महासंघाचे परिपत्रक आले: ही आदर्श पद्धत असून ती सर्वांना बंधनकारक आहे. हसणे थांबले आणि टेबलांची खरेदी सुरू झाली.

अंतिम शर्यतीच्या दिवशी घड्याळजी हिरवा बनियन घालून सहाव्या टप्प्याच्या सुरुवातीला उभा होता. बनियन दोन मापांनी मोठा होता आणि त्याला त्याचे काहीही वाटत नव्हते. अकरा वर्षे दुसऱ्यांच्या पायांकडे पाहिलेला माणूस आज स्वतःच्या पायांकडे पाहत होता.

वळणावर ताई दिसल्या. सगळ्यांच्या पुढे, दोनशे पावले तरी! टेबलापाशी येऊन त्यांनी रेघ ओढली. घड्याळजीने सही केली. साक्षीदाराची खुर्ची रिकामी होती.

"चहाला गेलेत," शेजारच्या टेबलावरून माहिती मिळाली. "येतीलच."

साक्षीदार आले नाहीत. बाकीची मंडळे आली. पाच धावक आपापल्या टेबलासमोर शिस्तीत उभे राहिले आणि शांत होऊ लागले. एकाने तर चष्मा पुसायला घेतला.

"घड्याळजी, घ्या की!" ताई ओरडल्या.

"पण पोच..."

"पोच गेली खड्ड्यात! हात पुढे करा!"

त्याने हात पुढे करून बॅटन घेतली आणि तो पळत सुटला. मागे खुर्च्या सरकल्या, कुणी शिट्टी फुंकली, कुणी नियम क्रमांक ओरडले. तो मोटार दुरुस्तीच्या दुकानांवरून, शाळेच्या भिंतीच्या कडेने, गच्चीत कपडे झटकणाऱ्या बायकांखालून पळत गेला. गुडघा कुरकुरला नाही. त्याला इतका आनंद झाला होता की तो मोठ्याने हसत पळत होता, आणि लोकांना वाटले याचे काहीतरी हरवलेले सापडले आहे.

शेवटच्या रेषेवर फीत नव्हती. फीत समितीच्या वेळापत्रकानुसार पहिला धावक यायला अजून चाळीस मिनिटे होती. घड्याळजीच्या मुलीने घाईघाईने गळ्यातला मफलर काढला, एक टोक आईला दिले आणि ओरडली, "बाबा, इकडे!"

निकाल संध्याकाळी लागला. दप्तराप्रमाणे बॅटन अजून ताईंकडेच होती. त्यामुळे सहाव्या टप्प्यावर एक अनोळखी नागरिक खासगी कारणासाठी धावत असल्याची नोंद झाली. पाच टप्प्यांची कागदपत्रे निर्दोष असल्याने ढाल मात्र मंडळालाच मिळाली. ती सचिवांनी ठेवून घेतली. घड्याळजीला नोटीस मिळाली.

"आपण धावलात, हे खरं का?" चौकशी समितीने विचारले.

"खरं."

"कुणाच्या परवानगीने?"

"गुडघ्याच्या."

उत्तर विहित नमुन्यात नसल्याने त्याचे नाव कमी करण्यात आले. आपलेही करा, असे सांगून ताई उठल्या. दुसऱ्या दिवशी बेकरीच्या काचेवर कागद लागला: 'रविवारी सकाळी सहा वाजता. फक्त पळायचं. फॉर्म नाही.'

गावात एकच खळबळ उडाली. लोकांना ही कल्पना विलक्षण आवडली. पहिल्या रविवारी त्र्याण्णव माणसे जमली. त्यांनी दोघांचे अभिनंदन केले, कागदशाहीला मनसोक्त शिव्या दिल्या, फोटो काढले आणि अशा उपक्रमाला नीट दिशा द्यायला एखादी छोटीशी समिती हवी, यावर त्यांचे एकमत झाले. तोवर घड्याळजी आणि ताई टेकडी चढून वळले होते.

संघाला अजून चार माणसे हवी आहेत. वाचकहो, आतापर्यंत तुम्हीही सचिवांना हसलात, घड्याळजीच्या बाजूने होतात, म्हणून तुम्हालाच आधी कळवतो आहोत. मात्र सहाऐवजी आठ वाजता ठेवता आले तर बरे, ही तुमची सूचना पोचली आहे; ती यापूर्वी त्र्याण्णव जणांनी केली होती.