संगणकातला चोर

"संगणक कधी बंद पडत नाही, तो रुसतो! का रुसला ते विचारता आलं पाहिजे!" वडिलांनी बाह्या सरसावल्या. घरात त्यांना 'तज्ज्ञ' म्हणत. अर्थात, ते घरात नसताना.

पडदा थिजला होता, बाण जागचा हलत नव्हता आणि अर्ध्या तासात लेकीची नोकरीची मुलाखत त्याच पडद्यावर होती. दोन वर्षांनी आलेलं पहिलं बोलावणं!

"बाबा, नुसता बंद करून चालू करा ना."

"ते अडाण्यांचं काम!" तज्ज्ञांनी तीन कळा एकदम दाबल्या. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी उमटल्या. "ही ह्याची रोजनिशी. पोटात काय काय घडलं, सगळं ह्यात येतं."

पहिलीच ओळ होती, 'साठवणीची जागा संपली.'

"हे किरकोळ," म्हणून त्यांनी ती सोडून दिली आणि पुढे जायला पासवर्ड टाकला. तो चुकला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. संगणक बिचारा गळ्यापर्यंत भरलेला. त्याच्या ओळी सावकाश, मागाहून यायच्या. तोवर तज्ज्ञ आपली चूक सोयीस्करपणे विसरले होते.

'चुकीचा पासवर्ड. चुकीचा पासवर्ड.'

"अगं ए, इकडे ये! चोर शिरतोय आत!"

आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "चपला बाहेर काढायला सांगा त्याला. आत्ताच लादी पुसलीय."

तज्ज्ञांनी चोराचे हात बांधायचे म्हणून माऊस उपटला. थोड्या वेळाने ओळ आली, 'माऊस काढला.'

"माऊससुद्धा नेला मेल्यानं!" माऊस त्यांच्याच मुठीत होता. मग त्यांनी इंटरनेटची वायर ओढली. 'इंटरनेट तुटलं.'

"बघितलंस? आता आपल्याला मदतही मागता येऊ नये म्हणून वायर तोडली! भलताच हुशार दिसतोय!"

"हुशार? मग आपल्यातला नाही," आई पुटपुटली आणि तिने लेकीला शेजारच्या काकूंच्या घरी, त्यांच्या लॅपटॉपवर पिटाळलं.

तासाभराने लेक उड्या मारतच परतली. "झाली निवड! शेवटचा प्रश्न होता, संगणक अडकला तर आधी काय कराल? म्हटलं, आधी बाबांना भाजी आणायला पाठवीन. सगळे हसले, मग म्हणाले, या सोमवारपासून!"

तज्ज्ञ अजून पडद्यासमोर पहारा देत होते. लेकीने ओळी वरून खाली वाचल्या, मग बापाच्या मुठीतल्या माऊसकडे बघितलं.

"बाबा, चोर सापडला. पासवर्ड विसरतो, माऊस उपटतो आणि माझ्याच खुर्चीवर बसलाय. आणि ही पहिली ओळ? एवढी जागा खाल्ली कशानं?"

तिने बंद करून चालू केला, तसा संगणक निमूट उठला. आत ठासून भरले होते तज्ज्ञांनी स्वतःच चित्रित केलेले व्हिडिओ. विषय एकच: 'संगणकाची निगा कशी राखावी.'

तज्ज्ञांनी चष्मा काढून शांतपणे पुसला.

"तेच तर म्हणतोय मी मघापासून! जागा पुरत नाही. आता आजच्या चोरीवर नवीन भाग करायचा, तर तो ठेवायचा कुठे?"